पायाच्या हाडात दात बसतील का?

प्रश्न : आमच्या अण्णांचं (वय ५८) डावा गाल आणि खालचा जबडा यांच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावीकडचा जबडा काढून तिथं पायाचं हाड बसवलं. त्या बाजूचे दात गेले ते समजू शकतो. पण पुढं लाईट सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांनी उजवीकडच्या खालच्या दोन दाढाही काढल्या. त्या दुखतसुद्धा नव्हत्या. चांगल्या दाढा का काढल्या? आणि पायाच्या त्या हाडात आता दात बसवता येतील का? लाईट संपून चार महिने झाले. तोंड दीड बोट उघडतं. अण्णा आमच्या पंगतीला बसत नाहीत, ताट घेऊन मागच्या खोलीत जातात. पुढच्या महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न आहे, तोवर दात बसावेत असा त्यांचा हट्ट आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : लग्नापर्यंत दात बसणार नाहीत, हे आधीच सांगते. ती तारीख मनात धरून घाई केली तर अण्णांचंच नुकसान होईल. पण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. पायाच्या हाडात दात बसतात, आणि आपल्याकडेही ते बसवले जातात. मात्र त्याआधी एक काम करायचं राहिलं आहे. तुमच्या पत्रात ते एका छोट्या वाक्यात येऊन गेलं : तोंड दीड बोट उघडतं. मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली. त्याकडे येतेच. आधी दाढांविषयी, कारण तिथं तुमच्या मनात राग आहे असं पत्रावरून जाणवतं.

भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत होतो, कारण तंबाखू-चुन्याची चिमूट किंवा मावा वर्षानुवर्षं त्याच जागी ठेवला जातो. तिथं हिरडी पातळ असते आणि लगेच खाली हाड असतं. गाठ काढताना तिच्याभोवतीचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी दिसणारा भागही काढावा लागतो, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागं राहतात. त्या एका सेंटिमीटरमध्ये हाड आलं तर हाड जातं, आणि हाडाबरोबर त्यातले दात जातात.

उजवीकडच्या दाढांचं कारण वेगळं आहे. ऑपरेशननंतरची लाईट, म्हणजे किरणोपचारांचे शेक, बहुतेकदा ६० ग्रे इतक्या मात्रेचे असतात. रोज थोडे थोडे करत सुमारे सहा आठवडे चालतात. मानेच्या दोन्ही बाजूंना ते द्यायचे असले की दुसऱ्या बाजूचा जबडाही त्यांच्या वाटेत येतो. या किरणांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, पण त्याचबरोबर जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसत जातात. मग ते हाड पाटाचं पाणी बंद झालेल्या रानासारखं होतं : वरून जसंच्या तसं दिसतं, पण त्यात नवं काही उगवत नाही. अशा हाडातून नंतर कधी दाढ उपटली तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, कुजतं, आणि कधीकधी जबडा मोडतो. अमेरिकेतले शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली याची नीट मांडणी केली : अशा हाडात रक्त कमी, प्राणवायू कमी आणि जिवंत पेशीही कमी. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला हा धोका पुष्कळ जास्त, आणि तो जन्मभर राहतो. शेक घेऊन दहा वर्षं झाली म्हणून तो संपत नाही.

म्हणून लाईट सुरू होण्याआधी दातांचा डॉक्टर प्रत्येक दाताकडे बघून स्वतःला विचारतो की हा दात पुढची पंधरा-वीस वर्षं कोरड्या तोंडात टिकेल का. कोरड्या म्हणते, कारण एरवी आपल्या तोंडात रोज अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तीच दातांची राखण करते. शेकांनी लाळग्रंथी सुकतात. मग चांगले दातही हिरडीच्या कडेशी काही महिन्यांत काळे पडून मोडू लागतात. दाढ दुखत नाही म्हणजे ती चांगली आहे असं नसतं. मुळाशी जुना पू असतो, हिरडीत खोल कप्पे झालेले असतात, आणि तरी माणसाला काही जाणवत नाही. त्यात तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत पुढं ना ब्रश पोचणार, ना डॉक्टरचं हत्यार. दाढ काढल्यावर जखम भरायला किमान दोन-तीन आठवडे लागतात, आणि ऑपरेशननंतरचे शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. मधली फट एवढीशी असते. तुमच्या डॉक्टरांनी त्या फटीत ते काम उरकलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. हे सगळं त्यांनी बसवून समजावून सांगायला हवं होतं, हा तुमचा राग मात्र रास्त आहे.

उरलेल्या दातांसाठी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. अण्णांचा कोणताही दात दुखला तरी गावातल्या दवाखान्यात जाऊन तो उपटून आणायचा नाही. कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे गेलात की सगळ्यात आधी किरणोपचारांचा कागद पुढं ठेवा. किती ग्रे आणि कुठल्या भागाला, हे त्यावर लिहिलेलं असतं. शक्य असेल तिथं दात उपटण्याऐवजी रूट कॅनाल करून मूळ हाडातच ठेवतात. रोज मऊ ब्रश, जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल (ती डॉक्टर लिहून देतात), आणि दिवसातून पाच-सहा वेळा मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या. एक लिटर पाण्याला दोन्ही एकेक चमचा पुरे. झोंबणारे, अल्कोहोल असलेले माउथवॉश घरात आणूच नका. नव्या गालाला स्पर्श कळत नाही, त्यामुळे तिथं घास अडकून बसला तरी अण्णांना पत्ता लागणार नाही. जेवण झालं की आरशात बघून स्वच्छ करायची सवय लावा.

आता ते दीड बोट.

निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. पुढच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की त्याला तोंड न उघडण्याचा विकार धरतात. अण्णांचं तोंड कदाचित आजाराच्या आधीपासूनच कमी उघडत असेल. सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून ताठ होतात, तिखट सोसत नाही, मग गाल फुगवता येत नाही, शिट्टीही वाजवता येत नाही. त्यावर ऑपरेशनचा व्रण आला. त्यावर शेक आले, आणि शेकांचा ताठरपणा उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने वाढत राहतो. याच काळात लोक व्यायाम सोडून देतात, कारण उपचार संपले असं वाटतं. दात वर्षभरानं बसवले तरी चालतात. ताठ झालेला जबडा वर्षभरानं मोकळा होत नाही, निदान व्यायामानं तरी नाही. आणि तोंडात हत्यार जायलाच जागा नसेल, तर उत्तम हाड असूनही कोणी दात बसवू शकणार नाही.

साधन अगदी साधं आहे : आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. स्वच्छ धुतलेल्या काड्यांची थप्पी करून ती दातांमध्ये सहज मावेल एवढी आत ठेवायची. मग थप्पीच्या मधोमध एक काडी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. अर्धा मिनिट तसंच धरायचं, सोडायचं, पुन्हा करायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. चार-आठ दिवसांनी एक काडी वाढवायची आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवायचा. समोरासमोर दात नसतील किंवा ते हलत असतील तर काड्या कुठं ठेवायच्या ते फिजिओथेरपिस्टकडून दाखवून घ्या. त्यांच्याकडे जबडा उघडण्याची उपकरणंही असतात. दुखण्याच्या भीतीनं माणूस टाळाटाळ करतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखणं कमी करणारी गोळी द्यावी. एक खूण मात्र सांगून ठेवते. व्यवस्थित उघडणारं तोंड अचानक कमी उघडू लागलं तर व्यायाम कमी पडला म्हणून गप्प बसू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. आजार उलटल्याची ती खूण असू शकते.

पायाच्या हाडाकडे येऊ. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक, लांब हाड असतं. शरीराचा बहुतेक भार नडगीचं जाड हाड पेलतं, म्हणून बारीक हाडाचा मधला भाग काढला तरी माणूस चालू शकतो. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा तुकडा तेवढा ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट दुसरीकडे बसवता येतं हे दाखवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्यापासून खालचा जबडा घडवला. हाडाचे दोन-तीन तुकडे करून त्यांना जबड्याचा बाक देतात, टायटॅनियमच्या पट्टीनं जखडतात, आणि सूक्ष्मदर्शकातून बघत त्याची धमनी-शीर मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. असं हाड जिवंत राहतं. आणि हाड जिवंत असेल तर त्यात स्क्रू धरतो.

हा स्क्रूही टायटॅनियमचाच. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात तो बसवला. हाड टायटॅनियमला परकं मानत नाही, त्याला चिकटून वाढतं, ही त्यांची मोठी उपलब्धी. चिकटायला तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर वर दात चढतात. काही केंद्रांत जबडा घडवतानाच स्क्रू घालतात. शेक झाल्यावर घालायचे असतील तर बहुतेक डॉक्टर आधी बराच काळ, पुष्कळदा वर्षभर, थांबतात : जखमा पूर्ण बऱ्या झाल्या का, आजार उलटला नाही ना, तोंड उघडतं ना, हे बघायला. शेक घेतलेल्या हाडात स्क्रू निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं, पण 'अजिबात नाही' असं उत्तर आज कोणी देत नाही.

अडचणीही आहेत आणि त्या आधी माहीत असाव्यात. पायाचं हाड मूळ जबड्याच्या निम्म्याएवढं उंच असतं, त्यामुळे दात लांबुळके करावे लागतात. हाडावर हिरडीऐवजी पायाची जाड कातडी असते. ती पातळ करायला आणखी एक छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. स्क्रूभोवती रोजची सफाई अतिशय काटेकोर हवी. तंबाखू चालू असेल तर हे सगळं वाया जाईल. खर्चही मोठा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि शेक बसतात, पण दात बसवण्याचं बसेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, किंवा मुंबईचं नायर दंत रुग्णालय यांच्या कृत्रिम दंतविभागात एकदा दाखवा. नेहमीच्या कवळीवाल्या दवाखान्यात जाऊ नका असं मी मुद्दाम सांगते. कोरड्या तोंडात कवळी चिकटत नाही, ती घासून जखम झाली तर हाड उघडं पडण्याची भीती असते, आणि ओठ बधिर असल्यानं जखम झालेली कळतही नाही.

आणि दात बसलेच नाहीत तर? पुष्कळांचे बसत नाहीत, आणि तरी ते जेवतात, गप्पा मारतात, कामाला जातात. नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की समोरासमोर येणाऱ्या दातांच्या दहा जोड्या असल्या, मागच्या दाढा नसल्या, तरी माणसाचं चावण्याचं काम भागतं. अण्णांच्या उजव्या बाजूला उपदाढा आणि पुढचे दात असतील तर तेवढ्यावरही मऊ अन्न चावता येतं. म्हणून आज प्रश्न दातांचा कमी आणि ताटाचा जास्त आहे.

ताटात काय वाढावं? तुमच्या भागातलंच पुष्कळ काही चालेल. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील, मऊ भात-वरण-तूप, आमटीत चांगली भिजवून कुस्करलेली भाकरी. आमटी तिखट नको. शेक घेतलेल्या तोंडाला मिरची कित्येक महिने सोसत नाही. शेंगाचटणीची आठवण आली तर शेंगदाण्याचं बारीक कूट दह्यात कालवून, तिखटाशिवाय. ताकद भरून यायची असेल तर प्रथिनं हवीत : अंडं, दही, मुगाचं घट्ट वरण, कुस्करलेलं पनीर. चव गेली आहे म्हणतील. ती बऱ्याच जणांची काही महिन्यांत परतू लागते. माझी एक विनंती आहे. सगळं एकत्र मिक्सरमध्ये घालून त्याचा लगदा करू नका. वरण वेगळं, भाजी वेगळी, भात वेगळा मऊ करून वाढा. चावता येत नसलं तरी आपण काय खातो आहोत हे माणसाला कळलं पाहिजे. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि ते घटत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो का तेही बघा. पाणी पिताना खोकला, जेवल्यावर घोगरा, ओलसर आवाज, मधूनच ताप, असं असेल तर अन्न श्वासनलिकेकडे जात असेल. अशांना घट्ट पेय पाण्यापेक्षा सोपं जातं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्यानंही फरक पडतो, पण ते गिळण्याच्या तज्ज्ञाकडून शिकून घ्यावं.

बोलण्याचंही तसंच. शाळेत आपण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग शिकलो. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे. अण्णांना सगळी बाराखडी हळूहळू वाचायला सांगा. प-फ-ब-भ-म फुसके निघत असतील तर ओठ नीट मिटत नाही, त-थ-द-ध अडखळत असतील तर पुढचे दात किंवा जिभेचं टोक, आणि क-ख-ग निसटत असतील तर जिभेचा मागचा भाग कमी पडतो आहे. वाणी-उपचार करणारे याच वाटेनं व्यायाम ठरवतात. घरी रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं तरी उपयोग होतो.

मान आणि खांदा विसरू नका. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ताण बसतो. हात डोक्यावर जात नसेल तर फिजिओथेरपी आत्ताच हवी.

आणि ती मागची खोली. ते तिथं का जातात हे तुम्हाला ठाऊक आहे : ओठातून आमटी ओघळते, नातवंडं बघतात, घास खाली पडतो. त्यांना 'बसा हो इथंच' असा आग्रह करून भागणार नाही. ओघळणं कमी करायला मदत करावी लागेल. लहान चमचा, लहान घास, तो उजव्या बाजूला ठेवायचा, डोकं किंचित उजवीकडे कलतं, मांडीवर पंचा, आणि मिटलेले ओठ आतल्या आत दाबून धरायचा व्यायाम. आधी घरातल्या एकाच जवळच्या माणसानं त्यांच्याबरोबर बसावं. मग तुम्ही. मग नातवंडं. त्यांचा घास पडला तर घरात कोणी गडबडून पुसायला धावू नये. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झाले; त्यांनी आजारही लपवला नाही आणि त्यामागची सवयही लपवली नाही, आणि त्यानंतर दोन दशकं सभा घेतल्या, भाषणं केली. उच्चार बदलला, ऐकणारे ऐकत राहिले. अण्णांना हे सांगा. लग्नाला त्यांनी जावं. आधी घरी थोडं खाऊन निघावं म्हणजे पंगतीत पोट भरण्याची चिंता राहणार नाही, आणि तिथं एखादी मऊ जिलबी दुधात बुडवून घेतली तरी पुरे.

प्रश्न : सासूबाईंचा वरचा जबडा उजवीकडून काढला. टाळूला भगदाड आहे. पाणी प्यायलं की नाकातून येतं आणि बोललेलं काही कळत नाही. डॉक्टर 'प्लेट' करू म्हणतात. प्लेटनं खरंच फरक पडतो?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमीन-अस्मानाचा पडतो. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा. तो नसला की घोट वर जातो आणि आवाज नाकातून निसटतो. या प्लेटला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती दातांना आकड्यांनी अडकते आणि भगदाड बुजवते. बसवल्या क्षणी माणूस बोलतो तेव्हा आवाज बदललेला असतो. घरचे तिथंच रडतात, मी कितीदा पाहिलं आहे.

याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८९३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टाळूला गाठ आली. देशात आर्थिक संकट होतं, बातमी फुटू द्यायची नव्हती. १ जुलैला 'ओनायडा' नावाच्या खाजगी नौकेवर, समुद्रात, डॉक्टरांनी त्यांच्या वरच्या डाव्या जबड्याचा मोठा भाग दातांसकट काढला. बाहेरून एकही टाका नाही, मिशी तशीच. न्यूयॉर्कचे दंतवैद्य कॅसन गिब्सन यांनी कडक केलेल्या रबराचा भाग घडवून त्या पोकळीत बसवला, आणि क्लीव्हलँड आधीसारखे बोलू लागले. ऑगस्टच्या शेवटी एका पत्रकारानं सगळं छापलं, तर लोकांनी पत्रकारालाच खोटं ठरवलं, कारण राष्ट्राध्यक्ष तर व्यवस्थित बोलत होते. खरी हकीकत त्या डॉक्टरांपैकी एकानं १९१७ मध्ये, क्लीव्हलँड गेल्यानंतर नऊ वर्षांनी लिहिली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रबरानं हे केलं. आज साहित्य हलकं, मऊ आणि बिनवासाचं आहे.

सासूबाईंना एक प्लेट आयुष्यभर पुरणार नाही. ऑपरेशननंतर जखम आकसते, शेकांनी आणखी बदलते, म्हणून आधी तात्पुरती, मग काही महिन्यांनी पक्की, आणि पुढंही अधूनमधून दुरुस्ती. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना १९२३ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत टाळूच्या अशाच प्लेटनं फार छळलं. ती घट्ट असली तर जखम, सैल असली तर बोलता-खाता येईना. ते जन्मभर सिगारही ओढत राहिले. प्लेट खुपली तर सहन करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन घासून घ्या. रोज काढून धुवा, आणि भगदाडाची आतली बाजूही मिठाच्या पाण्यानं स्वच्छ ठेवा.

प्रश्न : छातीचं मांस काढून गालात बसवलं. आता तोंडात आतून केस उगवलेत. हे काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : घाबरू नका. छातीवरची कातडी तोंडात आली तरी ती कातडीच असते, तिला केस येणारच. तुम्हाला शेक दिले असतील तर बरेच केस हळूहळू गळतील. नाहीतर डॉक्टर बारीक कात्रीनं ते कापून देतात. लेसरनंही काढता येतात. स्वतः चिमट्यानं उपटू नका, तिथली जखम कळणार नाही.

प्रश्न : आईचे सगळे दात गेले, ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. आता हिरड्यांना मिश्री लावते. म्हणते, दातच नाहीत तर आता काय बिघडणार?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बिघडण्यासारखं अजून बरंच आहे. तंबाखूचा परिणाम फक्त गाठ झालेल्या जागेवर होत नाही, तोंडाच्या सगळ्या अस्तरावर होत असतो; १९५३ पासून हे वैद्यकाला ठाऊक आहे. म्हणून एकदा तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवा होण्याची भीती कायम असते, आणि मिश्री ती वाढवते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरडीतून थेट रक्तात जातो.

पण डबी हिसकावून घेऊ नका, आई लपवून लावायला लागतील. सकाळी परसात बसून मिश्री लावायची वेळ त्यांच्या दिवसाचा आधार असेल. त्या वेळेला दुसरं काहीतरी हवं. मीठ-सोड्याच्या गुळण्या त्याच वेळी, त्याच जागी करायला सुरुवात करा. निकोटिनचं च्युइंगगम दात नसलेल्या, कोरड्या तोंडाला जमत नाही. त्वचेवर लावायच्या पट्टीविषयी डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.

तीन वर्षं झाली तरी तपासणी सोडायची नाही. आजार उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते, त्यानंतर भेटींमधलं अंतर वाढतं, पण भेटी थांबत नाहीत. मानेला शेक दिले असतील तर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. ती ग्रंथी हळूहळू मंदावते आणि थकवा, सुस्ती ही म्हातारपणाची लक्षणं समजून घरचे सोडून देतात. आणि आईंच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा मानेत नवी गाठ दिसली तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न बघता त्यांना दाखवायला न्या.